जिनिंगच्या बंगल्यातला साहेब

भुतांच्या बाबतीत अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही! आठवडाभर मी एका सरकारी कचेरीत टपाल सांभाळतो आणि सुट्टीत रहस्यकथा लिहितो. माझा नायक गुप्तहेर तर्करत्न इंग्रजांच्या काळातला. अंधाऱ्या हवेल्या, आपोआप विझणारे कंदील, भिंतीतून येणारे उसासे! तर्करत्न छडी टेकत आत शिरतो आणि भुताची मानगूट धरून त्याला उजेडात आणतो. भूत निघतं कुणीतरी लबाड माणूस. "तुमची पुस्तकं वाचून भुतंही पळतात," असं माझी बायको रूपाली म्हणते. मी ते कौतुक समजतो.

दिवाळीनंतर आम्ही तिच्या माहेरी सिंदीला गेलो. माझे सासरे पुंडलिकराव यांच्या मालकीचा स्टेशनच्या रस्त्याला एक बंद बंगला आहे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या कुणा गोऱ्या साहेबाने तो फार पूर्वी बांधला. रंगीत काचा, उंच छत आणि भिंतीत चक्क शेकोटी! सिंदीच्या उन्हात शेकोटी बांधणारा माणूस जिवंतपणीच बिघडलेला असणार. मेल्यावर तो भूत झाला, यात नवल काय?

माझी मेहुणी आचल नागपूरला ब्युटी पार्लरचा कोर्स करून आली होती. बंगल्याच्या पुढच्या हॉलमध्ये पार्लर काढायचं, हे तिचं स्वप्न. सासरे ऐकेनात.

"थ्या बंगल्यात साहेब आहे वो! पांढराफट! जो आत जाते, त्याच्या आंगाले खाज सुटते."

"मग मी पुण्याले जातो," आचल म्हणाली. "तिथल्या पार्लरात नोकरी भेटून राह्यली. सोमवारी बोलावलं."

हे ऐकून माझ्या सासूबाई सुमित्राबाई पदराने डोळे पुसू लागल्या. मला मनापासून वाईट वाटलं. पोरीला गाव सोडायचं नव्हतं, आणि साहेब बंगला सोडत नव्हता.

"माझ्यावर सोडा!" मी गरजलो. "उद्या दुपारी भूत उजेडात आणतो!"

सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्या काळजीने असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, बंगल्याच्या मागच्या दाराची चावी हरवली. आणि मोटरसायकल काढून शेतावर निघून गेले. तर्करत्न कधी चावीसाठी अडला आहे का? आम्ही बंगल्यावर गेलो. साक्षीदार म्हणून आचल होतीच, शिवाय शेजारच्या नलूकाकू आणि पानठेलेवाला तानबा. सासूबाईंनी निघताना जावयाच्या डोक्यावर पावभर खोबरेल थापलं, डोकं थंड राहावं म्हणून.

मी मागच्या खिडकीतून आत उतरलो. लाल-निळा उजेड पडला होता. धुळीत पावलांचे ठसे! मोठे, ताजे! जवळच्या खोलीतून 'फुस्स' असा मऊ उसासा आला. तरी मी पुढे गेलो. त्या खोलीचं दार मधोमध फुगलं होतं, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं. मी कडी काढली.

आणि साहेब माझ्यावर कोसळला!

पांढरा, मऊ, छतापर्यंत उंच! मी खाली, तो वर! नाकातोंडात, कानात, शर्टात, सगळीकडे तोच! हातपाय मारत कसाबसा वर आलो आणि तेव्हा कळलं, हा कापूस आहे. खोलीभर कोंबलेला कापूस! तो उसासाही खचणाऱ्या कापसाचाच! रहस्य उलगडलं होतं. मी आनंदाने धावत जाऊन पुढच्या दाराचा अडसर काढला आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "सापडलं!"

निदान मला तसं ओरडायचं होतं. तोंडात बोळा असल्यामुळे बाहेर पडलं ते "ऊंऽऽऽ!" आणि खोबरेलाच्या कृपेने डोक्यापासून पोटापर्यंत मी कापसाचा झालो होतो.

"साहेब आला वोऽऽ!" नलूकाकूंनी किंकाळी फोडली. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तानबाने तर चपला तिथेच सोडल्या.

तेवढ्यात सासरे मोटरसायकलवरून आले. शेतात त्यांचा जीव लागला नसावा. त्यांनी मला आत ढकललं आणि दार लोटलं.

"जावईबापू, बोलू नका जी कोनाले! दोन सालचा कापूस आहे. आज भाव वाढन, उद्या वाढन म्हनून ठेवला. घरी सांगतलं, विकला."

"आणि भूत?"

"चोर येऊ नाई म्हनून मीच सोडलं."

"आणि खाज?"

"जुना कापूस आहे, बापू. त्यात बारीक किडे होतात. तुमाले सुटली नाई का अजून?"

सुटली होती! मी उत्तर देण्याऐवजी खाजवू लागलो.

दार उघडून आचल आत आली. ती पळाली नव्हती. तिने माझ्या कानातून एक सरकी काढून वडिलांसमोर धरली.

"बाबा, साहेबाच्या कानातून सरकी काऊन निघून राह्यली?"

कापसाच्या ढिगाकडे पाहून तिचे डोळे भरले.

"याच्यासाठी मले पुण्याले धाडत होते?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. म्हातारा खरंच ओशाळला होता.

"हॉल तुहा," ते हळूच म्हणाले. "आईले सांगू नको. कापूस या हप्त्यात विकतो."

"पण गावाला काय सांगायचं?" मी खाजवत विचारलं. "भुताच्या पार्लरात कोण येणार?"

"काय सांगाचं?" आचल म्हणाली. "साहेब दारातून निघताना नलूकाकूनं सोताच्या डोयानं पाह्यला. भाऊजींनं काढला त्याले!"

मी तर्काची बाजू मांडणार होतो, पण पाठीला हात पुरत नव्हता.

आचल पुण्याला गेली नाही. पार्लरच्या उद्घाटनाला आम्ही पुन्हा सिंदीला गेलो. अर्धं गाव जमलं होतं. मी अंधश्रद्धेवर झणझणीत भाषण लिहून नेलं होतं. फीत सासूबाईंनी कापली, ते योग्यच झालं. मग आता आपली पाळी, म्हणून मी खिशातून कागद काढला.

नलूकाकूंनी मला मानाने उंबऱ्यापाशी नेलं. कपाळावर बोटभर कुंकू लावलं, हातात सुरी दिली, आणि वाकून नमस्कार करत म्हणाल्या,

"महाराज, तेवढं लिंबू कापून द्या जी. साहेब वापस नाई आला पाह्यजे."

मी आचलकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती, आणि डोळ्यांनी विनवत होती.

तर्करत्नाने लिंबू कापलं. एक फोड डावीकडे फेकली, एक उजवीकडे. खोटं कशाला बोलू, मंत्रही पुटपुटलो.