बारा परीक्षार्थी, वीस मार्क

परीक्षा घेतली ताईनं आणि घामही फुटला ताईलाच. परीक्षार्थी माणसं नव्हती, बारा एआय मॉडेलं होती. चित्र बघून त्यातलं अरबी त्यांना कितपत कळतं, ते तपासायचं होतं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दारावरच्या सूचना, अशी शंभर चित्रं. ताईला अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. अरबीच्या सरांनी उत्तरांची यादी लिहून दिली, तिनं ती क्रमानं संगणकात भरली. दोन वर्षं हंगामी असलेल्या ताईला साहेबांनी बजावलं होतं, "निकाल चोख लाव, आजच कायम करतो. नाहीतर सोमवारपासून घरी!"

निकाल लागला. बाराच्या बारा मॉडेलांना शंभरपैकी वीस. ना एकोणीस, ना एकवीस.

"अगंबाई, एकमेकांचं बघून लिहिलं की काय मेल्यांनी?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

साहेब मात्र हवेत तरंगत होते. "म्हणजे जगातली सगळ्यात अवघड परीक्षा आपली! आणि माणसाचं काय?"

तुलनेसाठी एक माणूसही बसवला होता. तो माणूस म्हणजे खुद्द साहेब. अरबांच्या देशात तीन वर्षं काढल्याचं ते येताजाता ऐकवायचे.

"तुम्हाला शंभरपैकी शंभर, साहेब."

"हात्तिच्या! त्यात काय एवढं!" म्हणत त्यांनी थेट मोठ्या साहेबांना फोन लावला.

ताईनं पहिलंच चित्र उघडलं. औषधाची बाटली. मॉडेल म्हणत होतं, 'जेवणानंतर दोन चमचे.' तिच्याकडचं बरोबर उत्तर होतं, 'दाढी-कटिंग. शनिवारी बंद.' तिनं सरांना गाठलं.

"सर, बाटलीत कटिंग कुठून आलं?"

"अहो, बाटली पाचवी! पहिलं सलूनच. एका ओळीत पाच चित्रं छापलीत ना तुम्ही? मी उजवीकडून मोजली."

"उजवीकडून?"

"मग? अरबी आहे ते!"

हात्तेरेकी! प्रत्येक ओळीत मधलं चित्र तेवढं जागेवर. वीस ओळी, वीस मार्क. ताईनं सगळं सरळ केलं, तर बाराही मॉडेलं थेट शंभरावर गेली. मग ती साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, उत्तरं उलटी भरली गेली. चूक माझी."

"गाढवपणा! आता मोठ्या साहेबांना कुठल्या तोंडानं सांगू? तू सोमवारपासून..." साहेब थबकले. "आणि माझे मार्क?"

"वीस. बाटली बघून तुम्हीही 'दाढी-कटिंग' लिहिलंत, साहेब. माझी चूक जशीच्या तशी, ऐंशी वेळा. आणि माझी यादी जपून ठेवायला तुमच्याच कपाटात होती."

साहेबांचा चेहरा पार उतरला. "दार लोटून घे," ते हळूच म्हणाले. "काय करायचं गं आता?"

"परीक्षेला बसलेला माणूस आयत्या वेळी आजारी पडला, असं लिहू या."

साहेबांनी लगेच दोनदा खोकून पाहिलं. "खरं वाटतंय का?"

"अजून थोडं घशातून," असं म्हणत ताईनं कायम नोकरीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी खोकत खोकतच सही केली.