साळव्यांची न सांगितलेली गरज

"घरातलं चर्चच्या मंडळीत नको," सुखदेवभाऊ साळवे चष्मा पुसत म्हणाले. "आमोदचं नाव लिहू नकोस."

"मग देवाला कसं कळायचं?"

"देवाला कळतं. कुसुममावशींना कळायला नको."

शालूताईंनी मंडळीत द्यायच्या प्रार्थनेच्या चिठ्ठीवरचं लेकाचं नाव खोडलं आणि खाली लिहिलं, 'साळवे कुटुंबाची एक गरज. देवाला ठाऊक आहे.'

चौदा महिन्यांपूर्वी, बिबवेवाडीतल्या याच घरात, जेवायच्या वेळी आमोद म्हणाला होता, की माझ्याने आता प्रार्थना होत नाही, नुसते डोळे मिटून बसायला लाज वाटते. "प्रार्थना नाही, तर जेवणही नाही," सुखदेवभाऊ बोलून गेले. पोरगा भरल्या ताटावरून उठला, तो वारज्याला खोली घेऊन राहिला. फोन नाही, की येणं नाही. नाताळचा केक दोन वेळा शेजाऱ्यांनी संपवला. तेव्हापासून शालूताई दर शनिवारी उपास धरत, आणि दोघं रोज पहाटे देवाला एकच विचारत, 'आम्ही काय करावं?' देव अजून काही बोलला नव्हता.

त्या शनिवारी मंडळीची साखळी-प्रार्थना होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा घरं, प्रत्येक घराला एक तास. आपला तास झाला की फोन करून साखळी पुढच्या घराकडे सोपवायची. आता, न सांगितलेल्या गरजेवर प्रार्थना फार तर पाच मिनिटं पुरते. उरलेल्या पंचावन्न मिनिटांना तपशील लागतो.

पहिल्याच तासाला कुसुममावशींना आठवलं, की मागच्या रविवारी गीताला सगळे उभे राहिले तेव्हा सुखदेवभाऊ बसूनच होते. खरं तर नवा बूट चावत होता. मावशींनी गुडघ्यांसाठी कळकळीने प्रार्थना केली आणि पुढच्या घराला गुडघे सांगितले. नऊच्या सुमाराला गुडघ्यांची कंबर झाली. अकराला मणका. शेवटच्या तासाला, बाराव्या घरच्या वैजनाथभाऊंनी डोळ्यांत पाणी आणून "प्रभू, त्यांना पुन्हा चालव" असं मागितलं, आणि नुसतं मागून भागत नाही म्हणून मंडळीच्या कोठीतली चाकांची खुर्ची रिक्षात घातली.

साडेसहाला साळव्यांची बेल वाजली. दारात वैजनाथभाऊ, खुर्ची, कुसुममावशी आणि डबे घेतलेल्या पाच बायका.

"अहो, तुम्ही दार उघडायला कशाला उठलात!" मावशी ओरडल्या.

"मला काही झालेलं नाही," सुखदेवभाऊ म्हणाले.

"असंच म्हणतात सगळे. मग गरज कसली हो?"

सुखदेवभाऊंनी शालूताईंकडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. "देवाला ठाऊक आहे," ते पुटपुटले. बायकांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. म्हणजे मणकाच.

"तुम्ही कळवलं नसणार म्हणून मीच आमोदला फोन केला," वैजनाथभाऊ म्हणाले. "निघालाय तो."

ते ऐकलं आणि सुखदेवभाऊंचे पाय खरोखरच गेले. मागे जे होतं त्यावर ते मटकन बसले. मागे मंडळीची खुर्ची होती.

अर्ध्या तासाने आमोद आला. डोक्यावर हेल्मेट तसंच. बापाला खुर्चीत पाहून उंबऱ्यातच थांबला.

"बाबा..."

त्या हाकेसरशी सुखदेवभाऊ उठले आणि चार पावलं चालत त्याच्याकडे गेले.

"हालेलुया!" कुसुममावशी किंचाळल्या. "चालले! बघा, चालले!" कुणी रडलं, कुणी गीत धरलं. उद्याच्या उपासनेत सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायचीच, असं बजावून सगळे गेले. खुर्चीही गेली. राहिले डबे आणि तिघं.

"काय झालंय नेमकं?" आमोदने विचारलं.

"काही नाही. बूट चावत होता."

"एवढ्यासाठी बारा घरांनी प्रार्थना केली?" त्याने टेबलावरचं हेल्मेट परत उचललं. "कसली गरज मागितली होती तुम्ही?"

शालूताई ताट वाढता वाढता, मान वर न करता म्हणाल्या, "तू."

आमोद बराच वेळ हेल्मेटच्या काचेवरची धूळ पुसत राहिला. मग ते खाली ठेवून आपल्या जुन्या जागी बसला. तिघांची ताटं वाढून झाली. आता नेहमीप्रमाणे सुखदेवभाऊ हात जोडणार, म्हणून शालूताईंनी घाईघाईने आमोदचं ताट त्याच्याकडे सरकवलं.

"जेव," सुखदेवभाऊ म्हणाले.

आमोदने त्यांच्याकडे पाहिलं. "प्रार्थना?"

"सकाळपासून बारा घरांनी केलीय. पुष्कळ झाली. जेव तू."

आमोदचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग, सवयीने असेल नाहीतर कशाने, त्याने क्षणभर डोळे मिटले.

या टेबलावर इतकी वर्षं प्रार्थनेच्या वेळी सुखदेवभाऊंचे डोळे घट्ट मिटलेले असत. आज ते उघडे होते. पोरगा किती वाळला होता.