जिन्यावरची तालीम

"धाकट्या जावयाला खांदा देता येणार नाही," सासऱ्यांनी शवपेटीत पाठ टेकत जाहीर केलं. "उंची कमी पडते. पेटी कलते."

सासरे चांगले ठणठणीत होते. सगळा जन्म त्यांनी खांदेकरी म्हणून लोकांच्या पेट्या वाहण्यात घालवला होता. आपल्या वेळी पोरं घोळ घालतील, या धास्तीने त्यांनी आज स्वतःला आत घालून जिन्यावर तालीम ठेवली होती. दोन मुलगे, पुतण्या आणि थोरला जावई, चौघेही ताडमाड. धाकट्याच्या हातात सासऱ्यांची टोपी दिली गेली. त्याला फार वाईट वाटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही या घरात तो पाहुणाच होता, आणि निदान या कामात तरी आपल्याला घरचा समजावं, एवढीच त्याची इच्छा होती.

झाकण बसलं, पेटी उचलली गेली. सपाट जागी सगळं झकास चाललं होतं. जिन्यावर मात्र पुढचे खाली उतरले, मागचे उंचावर राहिले आणि सासरे आतल्या आत घसरून फळीवर धाडकन आदळले.

त्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने दार उघडलं. गोल, बुटका माणूस. पेटी दिसताच त्याने गळाच काढला. "गेलास का रे! तुझी शिडी मी नेलीच नाही म्हणून जन्मभर भांडलो तुझ्याशी. माझ्याच माळ्यावर आहे रे ती!"

"ठाऊक होतं मला!" पेटीतून आवाज आला.

शिंप्याची बोबडी वळली. मागचे दोघे मुलगे हसता हसता पायरीवरच बसायला लागले. पेटी सुटणार, एवढ्यात धाकट्याने टोपी स्वतःच्याच डोक्यावर टाकली, खांदा खाली घातला आणि ओरडला, "मास्तर, दुसरी बाजू धरा!" शिंप्याने पायऱ्या चढून मागे येत ती धरली.

पेटी एकदम सपाट झाली.

झाकण किलकिलं झालं. "मागे कोण आहे रे?"

"मी, बाबा. आणि शिंपीमास्तर."

"अस्सं! जिना उतरताना मागे बुटकेच हवेत. एवढी वर्षं माझ्या टाळक्यात कसं आलं नाही?"

धाकट्याचा चेहरा फुलला. पेटी अलगद अंगणात उतरली. सासरे उठून बसले आणि शिंप्याला म्हणाले, "तू आधी शिडी आण." मग पुन्हा आडवे झाले. "मला वर न्या. चढताना बुटके पुढे. जावईबापू, तुम्ही पुढे व्हा. आणि टोपी राहू द्या डोक्यावर, शोभतेय."