भिकूनानांचा वासा

भिकूनाना घड्याळ मानत नसत. तुडीलच्या धक्क्यापाशी, सावित्रीच्या खाडीच्या पाण्यात त्यांनी खाचा पाडलेला एक वासा रोवला होता. भरती-ओहोटी त्यावर बघायची आणि गावानं त्याप्रमाणे चालायचं, असा त्यांचा हट्ट. लग्नात भटजींनी मुहूर्त सांगितला की हे मांडवातून ओरडणार, "थांबा वो, अजून ओहोटी हाय!"

मी तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर, आणि नशिबानं त्यांचा शेजारी. काही शंका काढली की एकच उत्तर, "पानी माज्या वळखीचं हाय."

बायको वारल्यावर वर्षभरानं ते मला म्हणाले, "मास्तर, दर्या बघायचा हाय. चला." जन्म खाडीकाठी काढलेल्या या गृहस्थानं समुद्र पाहिलाच नव्हता!

लाँचनं बाणकोटला उतरलो. पुढं डोंगराच्या पायथ्याशी काळ्या कातळाचं खडप, त्याला वळसा घातला की एक निर्जन पुळण. वाटेत मासे सुकवणारी एक बाई म्हणाली, "लवकर फिरा हां, खडप बुडतं."

"आमाला नको शिकवू गो," नाना म्हणाले. "दुपार कलल्याबिगर भरती नाय."

पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. नानांनी हातातली काठी वाळूत रोवली आणि समुद्राला हात जोडून उभे राहिले. मी भाकरीची शिदोरी सोडली. चार घास खाऊन मान वर केली, तर काठी पाण्यात!

"नाना, पाणी चढतंय!"

"छ्या! वाशावर आता भर ओहोटी."

"वासा तुडीलला आहे हो!"

मागं उभा कडा, वाटेवरच्या खडपावर फेस. मला पोहता येत नाही. मी नानांना नाही नाही ते बोललो. त्यांनी निमूट माझं मनगट धरलं आणि पाण्यात उतरले. कमरेला पाणी, पायाखाली शेवाळ. एका लाटेनं मी पडलो, गुडघा फुटला, पण त्यांनी मनगट सोडलं नाही. पलीकडे पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते.

ती बाई हसली. "भरती आधी हितं लागते, बाबा. मंग खाडीनं वर तुमच्याकडं जाते."

नाना मटकन खाली बसले.

"म्हंजे तुडीलला ओहोटी असते, तवा हितं भरती लागलेली असते?"

"असंल की," ती म्हणाली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकूची राख मी वाशावर ओहोटी बघून सोडली, मास्तर. तिला दर्या बघायचा हुता. मी कदी आनली नाय. म्हनलं, पानी तरी न्हेईल. वाटंतच आडली असंल वो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला फार वाईट वाटलं.

"पुढच्या ओहोटीनं आल्या असतील, नाना. वाट सरळच तर आहे."

लाँचचा भोंगा वाजला. नाना उठले नाहीत. खाडीच्या तोंडाकडे बघत त्यांनी जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "मास्तर, घड्याळात किती झालं? हितली ओहोटी लागू दे, पानी दर्यात जाताना बघू, मंग जाऊ."

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं, आणि आम्ही लाँच जाऊ दिली.