रंगनाथतात्यांचा पाचवा माणूस

शिरूर कासारच्या टपरीवर पाच माणसं चहा पिताना दिसली, की आमचे शेजारी रंगनाथतात्या सायकलवरून उतरतात आणि सगळ्यांना बाह्या वर करायला लावतात.

"पाचात एक! तुमच्यातल्या एकाच्या अंगावर जन्मात कधीतरी पित्त उठणारच. लाल गांधी, खाज. कोण हाय, बोला!"

"तात्या, चहा तरी पिऊ द्या की."

"पी. पण खाजवलंस तर मला दिसंल."

हे त्यांना बीडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. साऱ्या जगात दर पाचातल्या एकाला कधी ना कधी पित्त उठतं, महिनोन्महिने टिकणारं बायांना जास्त, आणि ते कुणाचं कुणाला लागत नाही. तात्यांनी ते पाठ केलं आणि गावाचं जगणं मुश्कील केलं. एकदा दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत गप्प उभे होते, तर तात्या मयताच्या पोराला विचारतात, "म्हाताऱ्याला कधी उठलं व्हतं का रे?"

लोक हसायचे. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांची लेक सिंधू. तिच्या अंगावर गांधी बघून सासूनं आधी तिचं ताट वेगळं केलं, मग पिशवी भरून तिला माहेरी धाडलं. आणि आमचं गाव! पुढाऱ्याच्या पाया पडताना ज्यांना कसलीच लागण होत नाही, ती माणसं सिंधूच्या हातचं पाणी नको म्हणायची. मी याविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं. गावानं त्यावर भजी खाल्ली.

सिंधू घराबाहेर पडेनाशी झाली. पण बालमैत्रीण वर्षाला हळद लागली, तेव्हा लांब बाह्यांचं झंपर घालून गेली. हळदीच्या वाटीला हात लावणार, तोच नवरीच्या मावशीनं वाटी ओढली.

"तू लांबूनच बघ बाई. नवरीला लागंल."

मंडपाच्या दाराशी उभे असलेले तात्या तडक घरी गेले. थोड्या वेळानं आले ते उघडेच. पाठ, पोट, दंड, सगळीकडे लालभडक गांधी.

"बघा! मला बी उठतं. सकाळी तुमच्या पंगतीत वरण वाढलं, नवरीच्या बापाच्या गळ्यात पडून रडलो. तवा न्हाई कुणी लांब ढकललं. लेकीचंच का म्हणून लागतं?"

तेवढ्यात सोन्यानं मढलेल्या सरपंचीणबाई हळूच म्हणाल्या, "मला बी उठतं. गोळ्या चालू हायत." त्यांच्या मागून एक जाऊबाई बोलली, मग एक विहीणबाई. पाचात एकचा हिशोब त्या मंडपात साफ मोडला.

वर्षानं मावशीच्या हातातली वाटी घेतली आणि सिंधूपुढं धरली. "लाव गं. सगळ्यांच्या आधी तूच लाव."

संध्याकाळी मी तात्यांना शाबासकी द्यायला गेलो. तात्या गोठ्यामागं, बैलांच्या हौदात गळ्यापर्यंत बसलेले. शिव्या देत होते आणि खाजवत होते. कडेला खाजकुइलीच्या शेंगा पडलेल्या.

"तात्या, हे तुम्ही अंगाला चोळलंत?"

"हळू बोल बे! मला कुठं उठतंय पित्त? पण सिंधीला सांगू नको. बापाला बी हाय म्हटल्यावर तिला एकटं वाटायचं न्हाई."

खोट्या पुराव्यावर खरी गोष्ट सिद्ध झाली होती. माझ्या तत्त्वात हे बसत नाही, पण मी मान डोलावली.

गोठ्याबाहेर आलो तर सिंधू घमेल्यात शेण कालवत होती.

"हे कशाला?"

"खाजकुइलीला शेणच चोळावं लागतं, दादा." ती हसली. "माझ्या गांधी आन् त्यांच्या गांधी, मला वळखू यायच्या न्हाईत व्हय? पण त्यांना सांगू नका. लई खूश हायत."

बाह्या कोपरापर्यंत सारून तिनं घमेलं उचललं आणि हौदाकडं जाताजाता मोठ्यानं हाक दिली, "तात्या, तुमच्या पित्ताला औषध आणलंय!"