दोन माणसं, तीन उंडे

विश्राम डॉक्टर कोणाच्याही घरी गेले, की पाणी प्यायच्या आधी एकच विचारायचे, "घर बरें आसा. माणसां कितलीं?"

एरवी माझ्याशी ते मराठीत बोलत. निवृत्त मास्तराशी शुद्धच बोललं पाहिजे अशी त्यांची समजूत. हा प्रश्न मात्र कोंकणीत, आणि नजर माझ्यावर नाही, माझ्या खांद्यावरून आत, पार मागच्या खोलीपर्यंत! आता सांगा, संशय येणार नाही तर काय?

मोपाच्या सड्यावर विमानं उतरायला लागल्यापासून आमच्या पेडण्यात नवा माणूस दिसला, की तो जमिनीचा दलालच, असं आम्ही धरून चालतो. त्यात ह्यांनी समोरचं घर भाड्याने घेतलेलं. पन्नाशी आलेली, लग्न नाही, एकटेच. म्हणे वेड्यांचे डॉक्टर! पाटी नाही, गळ्यात नळी नाही. अहो, शिकायचंच होतं तर हाडांचं शिकावं, डोळ्यांचं शिकावं. हे कसलं खूळ? दुपारी सगळा गाव दारं लावून आडवा झाला, की हे छत्री घेऊन घरोघर. मी माझ्या बायकोला, सुमनला, बजावलं, "ह्या माणसाला सोप्याच्या आत घ्यायचं नाही."

खरं कारण वेगळं होतं. तुमच्यापासून काय लपवायचं? माझा धाकटा भाऊ सदा मागच्या खोलीत होता. डोकं फिरल्यापासून, आठ वर्षं. दाराला बाहेरून कडी. गावाला सांगितलं होतं, सदा बोटीवर असतो. गोव्यात हे खपून जातं, बोटीवर गेलेली माणसं गावोगाव आहेत. दर वर्षी गणपतीच्या चवथीला मी म्हापशाहून चॉकलेटं आणायचो आणि "सदानं धाडली" म्हणून वाटायचो. शेजारचा बाबलो तर अजून सदाकडून अत्तराची वाट बघतोय. हे बिंग फुटलं असतं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

म्हणून मीच डॉक्टरांवर पाळत ठेवली. आणि सापडलं! सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. उंडा म्हणजे त्याच्याकडचा गोल कडक पाव. आमच्याकडे चहाबरोबर माणशी एक पुरतो. डॉक्टर रोज दोन घ्यायचे.

"आत बाई आहे," मी सुमनला म्हटलं.

"असली तर असू दे. तुमच्या का पोटात दुखतं?"

मी काय ऐकतोय! रविवारी डॉक्टर आपले उंडे घेऊन आमच्या सोप्यावर टेकले, तेव्हा मी तोफ डागलीच. "डॉक्टर, माणूस एक आणि उंडे दोन? दुसरा कोणाला?"

त्यांनी माझ्या हातातल्या पावाच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही दोघं, मास्तर. तुमचे तीन?"

आठ वर्षं गावाच्या डोळ्यांत धूळ फेकली, आणि रोज सकाळी भर रस्त्यात उभा राहून मीच तीन उंडे मोजून घेत होतो!

"मी दोन खातो!" मी ओरडलो.

"बरं. भूक चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. मग ते उंड्याचा कडक पापुद्रा नखाने खरवडायला लागले. "आमचा काका मुंबईला असायचा, मास्तर."

"काय करायचा?"

"काही नाही. मागच्या खोलीत असायचा. मुंबई आम्ही लोकांना सांगायचो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आई रोज एक उंडा जास्त घ्यायची. तो खिडकीच्या गजांतून आत द्यायचं काम माझं. काका रोज विचारायचा, 'भायर कोण आयला रे?' मला शिकवलं होतं, कोणी नाही म्हणायचं. घरात पाहुणे बसलेले असले तरी, कोणी नाही. एकदा म्हणाला, 'विशू, कडी काढ रे.' कडी वर होती. मी स्टूल लावलं, पण हात पोचला नाही. पोचायला लागला तोवर काका गेला होता."



"मग दुसरं काही शिकावंसंच वाटलं नाही. उंडा मात्र त्याचा अजून घेतो. घेतला नाही तर माझा घास उतरत नाही."

मला माझी इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. डॉक्टरांनी त्या दिवशी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. शेवटी मीच म्हणालो, "तीन."

"काय तीन?"

"माणसं."

 मागच्या खोलीकडे जायला उठलो, तर आत कडी सरकल्याचा आवाज झाला. सुमन दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ती माझ्या आधी पोचली होती.

मागच्या खोलीतून सदाची हाक आली, "भायर कोण आयला रे?"

मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर ताडकन उभे राहिले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "हांव आयलां! हांव, विशू!"