नानांची याट

"अहो, होडीला पाणी दिलं का आज?"

भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला. मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते आणि माझा माइक चुकून चालू राहिला होता. पुण्याच्या एका सहकाऱ्याने लगेच विचारलं, "होडीला पाणी? होडीच पाण्यात असते ना? आणि जळगावला समुद्र कधी आला?" मी माइक बंद केला. खुलासा करायचा तर अगदी पहिल्यापासून करावा लागला असता, आणि मीटिंगमध्ये मी "हो" आणि "चालेल" याच्या पुढे सहसा जात नाही.

लिहायचं असलं की जमतं. म्हणून इथे सांगते.

नाना म्हणजे आमचे शेजारी, मंडपवाले नाना. जळगावपासून जामनेर-भडगावपर्यंत निम्म्या जिल्ह्याची लग्नं त्यांच्या मंडपाखाली लागली आहेत. आता धंदा बंद केलाय, पण सामान घरामागच्या आवारात तसंच आहे. नवरा-नवरीची सोनेरी सिंहासनं, काचेचं झुंबर, लाल मखमली झालरी, जनरेटर, आणि थर्माकोलचे दोन हत्ती, त्यातल्या एकाला सोंड नाही. कशालाही नानांचं एकच उत्तर असतं, "व्हई जाई." होऊन जाईल. भर लग्नात वीज गेली, वादळाने मंडप उडाला, तरी नाना "व्हई जाई" म्हणत. एका लग्नातून तर नवरदेवच पळाला होता. तेव्हाही नाना तेच म्हणाले, आणि सांगणारे सांगतात की पंगत अगदी वेळेवर बसली.

दोन हिवाळ्यांपूर्वी नाना एका नातेवाइकाच्या लग्नाला सुरतेच्या खाली, समुद्राकाठच्या एका गावी गेले. बाकीचे वऱ्हाडी मिठाई घेऊन परतले. नाना होडी घेऊन परतले. मासेमारीची जुनी लाकडी होडी होती. किनाऱ्यावर ती जळणासाठी फोडायची चालली होती आणि नानांना ते बघवलं नाही. केळी उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक त्यांनी गाठला, आणि होडी धुळ्यावरून महामार्गाने जळगावात आली. ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकला. अख्खी दुपार होडी तिथेच होती. संध्याकाळपर्यंत कोणीतरी तिला हळदकुंकू लावलं, कोणीतरी नारळ फोडला. एका आजींनी तर पाया पडून विचारलं, "कोणत्या देवाचा रथ आहे?"

अक्का म्हणजे नानांची बायको. त्या आमच्याशी शहरातलं मराठी बोलतात आणि नानांशी भांडताना अहिराणी. त्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे?

"याट शे," नाना म्हणाले. "श्रीमंत लोकांची असते. जुनी होडी घ्यायची, नटवायची आणि हिंडायचं. मोबाइलवर बघितलंय मी."

"आपल्याकडे समुद्र शे का?"

"तापी शे ना."

"मी काय बसणार नाही हं त्याच्यात."

"तुला कोण बस म्हणतंय?" नाना म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी होडीवर दोन सिंहासनं चढवली आणि त्यातल्या एकाच्या पायरीची उंची कमी केली. गुडघे अक्कांचे दुखतात, नानांचे नाही. तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना एकाच गोष्टीची उत्सुकता. याट तरंगणार की नाही हे दुय्यम होतं. अक्का बसणार का?

कारण अक्कांना गाडी लागते. बस, जीप, रिक्षा, सगळ्या लागतात. एकदा तर स्टँडवर उभ्या असलेल्या बसमध्ये लागली. ड्रायव्हर तेव्हा चहा प्यायला गेला होता. त्यामुळे त्या कुठेही जात नाहीत. मुलगी धुळ्याला दिली आहे, पण लेकीचं घर त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलंय. त्यातही ती फोन हातात घेऊन खोल्यांमधून फिरायला लागली की अक्का डोळे मिटतात आणि म्हणतात, "हळू चाल माय, वळणं फार आहेत तुझ्या घरात."

मी या सगळ्यात कशी आले? तर इंग्रजी शाळेत शिकले म्हणून. परदेशात काही लोक जुन्या होड्या दुरुस्त करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. नाना ते रोज बघत, पण त्यांना कळत फक्त हातोडीचा आवाज. मग ते भिंतीवरून डोकं वर काढून मला हाक मारत. "पोरी, हा गोरा काय म्हणतो बघ."

मी बघत असे आणि दोन वाक्यांत सांगत असे. नानांना तेवढं पुरे होतं. "ही पोरगी कमी बोलते, पण खरं बोलते," असं ते माझ्या आईला सांगत. आई म्हणे, "घरात तर तेवढंही बोलत नाही."

पहिली मोठी चूक मात्र मला विचारायच्या आधीच झाली होती. मंडपवाल्याचा धर्म एकच, ओलं सामान आत ठेवायचं नाही. बांबू असो, कनात असो, आधी कडक वाळवायचं. नानांनी होडीही वाळवली. अंगणाच्या मधोमध, जळगावच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात, वर काहीही न झाकता. "चांगली खडखडीत वाळू दे," ते म्हणत आणि दिवसातून एकदा तिला टिचकी मारून बघत.

होडी वाळली. फळ्या आक्रसल्या आणि प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट पडली. होडीच्या आत बसलं की पलीकडे पापड वाळत घालणारी माझी आई स्पष्ट दिसायची. आई तिकडून म्हणाली, "नाना, तुमच्या होडीला खिडक्या छान आहेत."

तेव्हा नानांनी मला गोऱ्याचा योग्य तो व्हिडिओ दाखवला. मी सांगितलं, "लाकडी होडी वाळू द्यायची नाही, असं तो म्हणतोय. ओली ठेवली की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. मोठ्या फटींमध्ये कापूस ठोकून भरायचा."

नानांनी एका फटीत बोट घालून बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "पाणी आणि कापूस? अरे, मग हे काम खान्देशचंच शे!"

त्यांचा एक भाचा यावलला केळीची शेती करतो. त्याच्याकडून त्यांनी ठिबकच्या जुन्या नळ्या मागवल्या. होडीभोवती आडव्या-उभ्या गुंडाळल्या, वर बाजार समितीतली जुनी गोणपाटं पांघरली आणि नळ सोडला. झाडांना ठिबक मी पाहिलं होतं. होडीला पहिल्यांदाच. सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब पाणी चालू. नाना नळ विसरले की अक्का आठवण करून देत, आणि तीच आठवण माझ्या मीटिंगमध्ये पोहोचली.

गोणपाटं नीट झटकलेली नव्हती. थोड्याच दिवसांत होडीवर ज्वारी उगवली. कोपऱ्याकोपऱ्याला मूगही आला. सगळी होडी हिरवीगार झाली. नाना खूश होते. "याटला लॉन लागतंच," म्हणाले. मागच्या गल्लीतली शेळी एके दिवशी ते लॉन खाऊन गेली, आणि नाना घरी नसताना अक्का एकट्याच इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं. नाना आल्यावर मात्र म्हणाल्या, "मी बघितलं नाही. मला काय तुमच्या होडीचं?"

कापूस भरायला रशीदचाचा आले. ते गाद्या-रजया भरतात. त्यांनी कापूस पिंजला, त्याच्या लांब वाती वळल्या आणि लाकडी ठोकणीने एकेक फट बुजवत गेले. मधेच थांबून विचारत, "नानाजी, ये नाव है या रजाई?"

"याट शे, चाचा."

"तो फिर इसमें सोने का या तैरने का?"

"दोन्ही व्हई जाई."

त्यानंतर सजावट. यात नानांना कोणाचाही सल्ला नको होता. गोऱ्याने होडीला आतून पांढरा रंग दिला होता, नाना म्हणाले, "दवाखाना वाटतो." त्यांनी लाल मखमल लावली. वर झुंबर टांगलं. मागे जनरेटर आणि वाळ्याचा कूलर. पुढे, जिथे गोऱ्याने नांगर ठेवला होता, तिथे सोंड असलेला हत्ती. आणि कठड्यावर 'सुस्वागतम्'ची पाटी.

"नाना, इंजिन?" मी विचारलं. मी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न होता.

"दोन माणसं वल्ही मारतील. घाई कोणाला शे?"

असाच एक व्हिडिओ बघताना अक्कांची एक जुनी गोष्ट निघाली. गोरा लाटांबद्दल बोलत होता. नानांनी विचारलं, काय म्हणतो. मी म्हटलं, "काही लोकांना होडीही लागते, असं म्हणतोय. पोट ढवळतं."

नानांनी व्हिडिओ बंद केला.

"हिला होडी लागत नाही," ते म्हणाले.

मी बोलत नाही म्हणूनच बहुतेक ते पुढे बोलले. अक्कांचं माहेर तापीपलीकडे, शिरपूरच्या अंगाला. लग्न लागलं आणि वऱ्हाड ट्रकने निघालं. नव्या नवरीला ट्रक असा लागला की काठाला पोहोचेपर्यंत ती पांढरीफटक पडली होती. "मला वाटलं, हिला परत माहेरी सोडून यावं," नाना म्हणाले. तिथून नावेने नदी ओलांडायची होती. सगळे घाबरले, आता काय होतं म्हणून. नाव मधोमध गेली आणि नवरीने डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला. इकडेतिकडे बघितलं. आणि म्हणाली, "आठे कितला गार वारा शे!"

"माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य," नाना म्हणाले. "इथे किती गार वारा आहे. बास, एवढंच. मग काठ आला, पुढे पुन्हा ट्रक होता. नंतर पूल झाला, नाव बंद पडली. त्यानंतर हिला बाहेर कुठं हसताना मी बघितलं नाही." मग ते झुंबराचे लोलक पुसायला लागले. "कोणाला सांगू नको. हिला तर मुळीच नाही. तिला आठवत नसेल, आणि लोक हसतील म्हाताऱ्याला."

मी मान हलवली. बोलण्याच्या बाबतीत तरी माझ्यावर विसंबायला हरकत नव्हती.

दिवाळी झाल्यावर होडी तापीवर निघाली, बंधाऱ्यामागे जिथे पाणी तुंबून रुंद झालंय तिथे. अक्का म्हणाल्या, "बघायला येते. बसायला नाही." त्या बैलगाडीने पहाटेच निघाल्या, कारण फक्त बैलगाडी त्यांना लागत नाही. सोबतीला मला दिलं; तरीही असावं म्हणून माझ्या मांडीवर लिंबू, आवळासुपारी आणि ओकारीच्या पिशव्या. वाटेत ट्रॉलीवरच्या होडीने आम्हाला ओव्हरटेक केलं. पुढच्या हत्तीशेजारी नाना पांढऱ्या सफारीत उभे होते. त्यांनी हात हलवला. अक्कांनी तोंड फिरवलं, पण होडी दिसेनाशी होईपर्यंत डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिल्या.

होडी पाण्यात गेली आणि थोडी गळली. रशीदचाचा आत उभे राहून पंगतीत वाढायच्या वरणाच्या बादलीने पाणी उपसत होते. मग लाकूड फुगलं आणि पाणी थांबलं. सगळ्या काठाने टाळ्या वाजवल्या. निम्मी गल्ली आली होती, काठच्या गावातले लोकही होते. नानांनी जनरेटर सुरू केला, झुंबर भर दिवसा लागलं. मग ते कठड्याशी आले आणि त्यांनी काठाकडे हात पुढे केला.

"बसा अक्का!" कोणीतरी ओरडलं.

"नवरी लाजली रे!"

कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी मोबाइलवर लग्नाचा बँड लावला. सोनेरी सिंहासनं उन्हात चमकत होती. अक्कांनी पदर डोक्यावर ओढला, आणखी पुढे ओढला आणि वळल्या. "चल पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी जुंपायला सांग. ह्या वयात तमाशा नको."

नानांचा हात तसाच होता. मी वाट बघत होते, ते आता "व्हई जाई" म्हणतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला आणि कठड्याची झालर सरळ करायला लागले. ती सरळच होती.

अक्का बसल्या, हे आता सगळ्या जळगावला माहीत आहे. नदीच्या मधोमध त्यांनी पदर मागे सारला, हेही काठावरून सगळ्यांनी बघितलं. त्या पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आल्या आणि एकही पिशवी लागली नाही. त्या का बसल्या, यावर मात्र गल्लीत एकमत नाही. आई म्हणते, तापीमाईने बुद्धी दिली. रशीदचाचा म्हणतात, "कापूस पक्का था." मला कोणी विचारलेलं नाही. मी बोलते असं कोणाला वाटतच नाही.

अक्का बैलगाडीकडे चालायला लागल्या होत्या. मी पिशव्या छातीशी धरून तिथेच उभी होते. नानांना शब्द दिला होता, गोष्ट सांगायची नाही. पण हवेबद्दल बोलायला बंदी नव्हती. मला अहिराणी बोलता येत नाही. माझे उच्चार ऐकून शाळेतल्या मुली हसायच्या. इतक्या लोकांसमोर तर मी कधी स्वतःचं नावही मोठ्याने सांगितलेलं नाही. मी नदीकडे तोंड केलं आणि बँडच्या वरताण आवाजात म्हणाले,

"आठे कितला गार वारा शे!"